गाडी 'लो' करायचीय? स्प्रिंग घेण्याआधी चाकाला वर जायला किती जागा उरणार ते मोजा

रात्रीची वेळ, पेट्रोल पंपाचे पांढरे दिवे आणि जमिनीला टेकल्यासारखी सरपटत येणारी एखादी स्विफ्ट किंवा पोलो. टायर आणि फेंडरमध्ये बोटही जाणार नाही इतकी कमी फट. अशा रील्स रोज दिसतात आणि त्याखाली ठरलेले दोन प्रश्नही दिसतात. 'भावा, स्प्रिंग कोणती टाकलीस?' आणि 'खर्च किती आला?'

रील संपल्यावर गाडी पंपातून बाहेर पडते आणि पहिला गतिरोधक येतो. तो काही रीलमध्ये दिसत नाही. तिथे हीच गाडी तिरकी घालावी लागते, मागे बसलेल्यांना खाली उतरवावं लागतं आणि तरीही खालून 'खर्र' असा आवाज येतो. कधी तो प्लास्टिकच्या कव्हरचा असतो, कधी सायलेन्सरचा. नशीब वाईट असेल तर चेंबरचा, म्हणजे इंजिन ऑइल ज्या भांड्यात साठतं त्याचा. चेंबर फुटला आणि चालकाच्या लक्षात आलं नाही, तर ऑइल संपून पुढच्या काही किलोमीटरमध्ये इंजिनच जाम होऊ शकतं. मग सगळ्या सस्पेन्शनच्या कितीतरी पट खर्च एकट्या इंजिनवर होतो.

गाडी खाली घेण्याचे मार्ग बरेच आहेत. कापलेली स्प्रिंग, लोअरिंग स्प्रिंग, आखूड शॉकअपसह येणारा पूर्ण संच, कॉइलओव्हर, एअर सस्पेन्शन. बहुतेक जण यातलं काय परवडतं इथून सुरुवात करतात. खरं तर आधी दोन अंतरं मोजायला हवीत. गाडीच्या पोटाखाली किती जागा आहे हे पहिलं, आणि चाकाला वर जायला किती जागा आहे हे दुसरं. पहिलं सगळ्यांना माहीत असतं. गाडी बिघडते ती बहुतेक वेळा दुसऱ्यामुळे.

गतिरोधकाचं गणित

स्विफ्टचं उदाहरण घेऊ. कंपनीच्या माहितीपत्रकात तिचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर दिलेला आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,४५० मिलिमीटर.

आपल्याकडे गतिरोधक कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर आणि माथ्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची. ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून सहज जावी, असा हा आकार आहे. रुंदी ३.७ मीटर असल्याने स्विफ्ट अगदी मधोमध आली की तिची चारही चाकं गतिरोधकावरच असतात. त्या क्षणी दोन चाकांच्या मधला फुगवटा पोटाखालची फक्त ४४ मिलिमीटर जागा खातो. १६३ मधून ४४ गेले, ११९ उरले. हीच गाडी ४० मिलिमीटर खाली बसवली तरी ७९ मिलिमीटर शिल्लक राहतात. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर लो केलेली गाडीही आरामात निघून जाते.

आता सोसायटीच्या गेटसमोर किंवा गावाच्या वेशीवर रातोरात उभा राहिलेला गतिरोधक डोळ्यांसमोर आणा. समजा उंची १५ सेंटीमीटर आणि रुंदी जेमतेम अर्धा मीटर. पुढची चाकं उतरून सपाट रस्त्यावर आलेली, मागची अजून चढायची आहेत आणि मध्ये अख्खा १५० मिलिमीटरचा उंचवटा. मूळ उंचीच्या रिकाम्या स्विफ्टला इथे १३ मिलिमीटर उरतात. चार माणसं बसली की तेही संपतात. इथे कंपनीतून आलेली गाडीसुद्धा घासते, मग लो केलेल्या गाडीचं काय होणार ते वेगळं सांगायला नको.

त्यामुळे 'किती मिलिमीटर खाली घ्यावी' याचं उत्तर कॅटलॉगमध्ये मिळत नाही. ज्या रस्त्याने गाडी रोज जाते, त्या रस्त्यावरच्या सगळ्यात वाईट गतिरोधकावर ते ठरतं. टेप घेऊन तो एकदा मोजायला पाच मिनिटंही लागत नाहीत. बिल्डिंगच्या पार्किंगचा उतारही त्याच फेरीत मोजून घ्यावा. उतार जिथे संपतो त्या कोपऱ्यावर पुढचा बंपर सगळ्यात आधी लागतो.

चाकाला वर जायची जागा

खड्ड्याची कड किंवा उंचवटा लागला की चाक वर उचललं जातं. स्प्रिंग दबते आणि शॉकअपचा दांडा नळीत आत जातो. या प्रवासाला हद्द असते. ती संपली की बंप स्टॉप लागतो. दांड्यावर बसवलेला फोमसारखा किंवा रबराचा हा तुकडा धातूवर धातू आपटू देत नाही. तोही पूर्ण दबला की धक्का थेट बॉडीला बसतो.

गाडी खाली घेणं म्हणजे या प्रवासातला काही हिस्सा आधीच वापरून टाकणं. समजा मूळ गाडीत चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा होती. गाडी ३० ने खाली आणली, ५० उरले. तोच खड्डा, तोच वेग, पण धक्का जिरवायला जागा कमी. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ती किती दबली याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्या हिशेबाने ८० मिलिमीटरमध्ये जिरणारा धक्का ५० मिलिमीटरमध्ये जिरवायचा असेल, तर स्प्रिंग अडीच पटींहून जास्त कडक लागेल. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग मात्र मूळ स्प्रिंगपेक्षा साधारण १० ते ३० टक्के कडक असतात. त्याहून फार कडक केल्या तर रोजच्या वापरात कंबर मोडेल. मधली तूट भरून काढतो तो बंप स्टॉप. लो केलेली गाडी 'कडक झाली' असं अनेकांना वाटतं, ते यामुळे. बऱ्याचदा कडक स्प्रिंगपेक्षा वारंवार लागणारा बंप स्टॉपच जाणवत असतो.

शेवटी हा धक्का कुठे तरी जातोच. शॉकअपचं सील गळतं, वरचं माउंटिंग फाटतं, रिम वाकते. कमी उंचीच्या टायरची बाजू फुगते.

आपल्याच गाडीत किती जागा वापरली जाते हे मोजायची एक स्वस्त युक्ती आहे. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावरचं रबरी कव्हर वर सरकवायचं आणि दांड्याभोवती एक प्लास्टिकची झिप टाय घट्ट, पण सरकेल इतपत, बांधायची. ती खाली नळीच्या तोंडाला टेकवून ठेवायची आणि रोजच्या रस्त्यावर रोजच्या वेगाने एक चक्कर मारायची. चाक जेवढं वर जाईल तेवढी नळी त्या टायला वर ढकलते. परत आल्यावर नळी आणि टाय यांच्यातलं अंतर मोजलं की खड्ड्यांनी किती जागा खाल्ली ते कळतं. मूळ उंचीवरच टाय बंप स्टॉपला जाऊन भिडलेली असेल, तर त्या रस्त्यावर गाडी आणखी खाली घ्यायला जागाच नाही. स्प्रिंग कितीही महागाची घेतली तरी.

वजनाचा हिशेबही इथेच करायला हवा. छोट्या हॅचबॅकच्या मागच्या एका चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा समजा मिलिमीटरला २ किलो आहे. दोन्ही बाजू मिळून मिलिमीटरला ४ किलो. मागे तीन माणसं बसली, डिकीत गणपतीला गावी जायचं सामान भरलं आणि मागच्या चाकांवर २०० किलो वाढले, तर मागची बाजू ५० मिलिमीटर खाली बसते. वरच्या उदाहरणात गाडी लो केल्यावर एवढीच जागा उरली होती. म्हणजे खड्डा यायच्या आधीच गाडी बंप स्टॉपवर टेकलेली. एकट्याने ऑफिसला जाणाऱ्याची गाडी आणि कुटुंब घेऊन आंबा किंवा फोंडा घाट उतरणाऱ्याची गाडी एकाच मॉडेलची असली, तरी दोघांना एकच स्प्रिंग चालत नाही.

स्प्रिंग कापली तर?

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट मार्ग हाच. गॅरेजमध्ये स्प्रिंग काढायची, ग्राइंडरने एक-दीड वेढा उडवायचा आणि परत बसवायची. कुठे तर गॅसच्या ज्योतीने तापवून ती गाडीवरच बसवतात.

वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, हे खरं आहे. सहा कामाच्या वेढ्यांतला एक गेला तर ती साधारण २० टक्के कडक होते. त्रास दुसरीकडे आहे. स्प्रिंगचं टोक तिच्या खोबणीत नीट बसावं म्हणून खास आकार दिलेला असतो, कापताना तोच जातो. वर मोकळी लांबी कमी झाल्याने चाक हवेत लटकलं की स्प्रिंग सैल पडते. मोठ्या खड्ड्यात चाक खाली गेलं आणि परत वर येताना स्प्रिंग जागेवर बसली नाही, तर ती तिरकी होते. मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असलेल्या गाड्यांत तर ती चक्क निसटू शकते. स्विफ्ट, पोलो, आय२० या सगळ्यांची मागची मांडणी तशीच आहे. तापवलेल्या स्प्रिंगचा धोका आणखी वेगळा. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात ठरावीक तापमानाची प्रक्रिया करून लवचीकपणा दिलेला असतो. गॅसकटरच्या ज्योतीत तो त्या जागी संपतो. पुढे स्प्रिंग किती बसेल आणि कधी तुटेल, याचा अंदाज कुणालाच देता येत नाही.

पैसे नसतील तर गाडी मूळ उंचीवर ठेवणं हाच पर्याय आहे. कापलेली स्प्रिंग हा पर्याय नाहीच.

लोअरिंग स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी

आयबाख, एच अँड आर अशा जर्मन कंपन्यांच्या स्प्रिंग मॉडेलनुसार मिळतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत फिरलं, तर इतरही बऱ्याच ब्रँडची नावं ऐकू येतात. चांगल्या स्प्रिंगची खूण सोपी आहे. तिच्यासोबत ती नेमकी कोणत्या मॉडेलसाठी आहे, एक्सलवर किती वजनापर्यंत चालते आणि गाडी पुढे-मागे किती मिलिमीटर खाली येईल, हे लिहून येतं. डिझेल आणि पेट्रोल गाडीचं पुढचं वजन वेगळं असतं, म्हणून स्प्रिंगही वेगळी असते. 'सगळ्या स्विफ्टला चालते' असं सांगणाऱ्या दुकानातून निघून यावं.

यातल्या बऱ्याच स्प्रिंग प्रोग्रेसिव्ह असतात. सुरुवातीचे वेढे जवळजवळ आणि पुढचे लांब. हलक्या दणक्याला आधी मऊ वेढे दबतात, ते एकमेकांना चिकटले की कडक भाग काम करू लागतो. आपल्या रस्त्यांना ही रचना बरी. शिवाय चाक लटकलं तरी मऊ वेढ्यांमुळे स्प्रिंग जागेवर घट्ट राहते.

नुसती स्प्रिंग बदलून भागतं का? १५-२० मिलिमीटरपर्यंत आणि शॉकअप नवे असतील तर बरेच दिवस भागतं. पण स्प्रिंग परत उसळताना तिला आवरायचं काम शॉकअपचं असतं. स्प्रिंग ३० टक्के कडक केली, तर तेवढाच ताबा ठेवायला शॉकअपचा जोर साधारण १४ टक्के वाढवावा लागतो. मूळ शॉकअप ८०,००० किलोमीटर चाललेला असेल, तर मुळातच त्याचा जोर उतरलेला असतो. अशा गाडीवर नवी कडक स्प्रिंग टाकली की ती हायवेवर ताठ वाटण्याऐवजी डुलायला लागते. दोष स्प्रिंगला मिळतो.

दुसरी अडचण लांबीची. मूळ शॉकअप मूळ उंचीसाठी बनलेला असतो. गाडी खाली आली की त्याचा पिस्टन कायम तळाजवळ काम करतो आणि मोठ्या दणक्यात तळाशी आपटतो. म्हणून चांगल्या कंपन्या लो केलेल्या गाड्यांसाठी आखूड शॉकअप वेगळे बनवतात. बिल्स्टाईनचं उदाहरण घ्या. त्यांचा बी६ मूळ उंचीच्या गाडीसाठी असतो आणि बी८ लोअरिंग स्प्रिंगसोबत वापरण्यासाठी, आखूड बांध्याचा. दुकानदाराने 'दोन्ही एकच' म्हटलं, तरी एकच नाहीत.

त्यामुळे खर्चाचा विचार करताना स्प्रिंग, शॉकअप, बंप स्टॉप आणि वरचं माउंटिंग हे एकच काम म्हणून धरावं. शॉकअप काढायची मजुरी एकदाच द्यावी लागते. दोन हजार वाचवायला जुनं माउंटिंग परत बसवलं, तर सहा महिन्यांनी 'टक-टक' आवाजासाठी तेच काम पुन्हा उघडावं लागतं.

कॉइलओव्हर आणि एअर सस्पेन्शन

कॉइलओव्हर म्हणजे आटे पाडलेल्या नळीवर बसलेली स्प्रिंग. नट फिरवून उंची कमी-जास्त करता येते. त्याचे दोन प्रकार आहेत आणि विकत घेताना हा फरक विचारायलाच हवा. स्वस्त प्रकारात स्प्रिंगची खालची बैठक सरकते. ती जेवढी खाली, तेवढी चाकाला वर जायची जागा कमी. महाग प्रकारात शॉकअपचा खालचा ब्रॅकेटच आट्यांवर फिरतो, म्हणजे पूर्ण लांबी बदलते. त्यामुळे उंची बदलली तरी शॉकअपच्या आतली चाल तेवढीच राहते. अर्थात टायर आणि फेंडरमधलं अंतर त्यातही कमी होतंच.

एक गैरसमज इथे हमखास ऐकू येतो, की नट आवळला की स्प्रिंग कडक होते. साध्या, एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा आवळून बदलत नाही. गाडी फक्त वर येते. कडकपणा हवा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते. वरच्या टोकाला क्लिक करणारा नॉब असतो, त्याने शॉकअपचा जोर बदलतो. ती वेगळी गोष्ट आहे.

कोकणात आणि मुंबईत कॉइलओव्हरचा खरा शत्रू गंज आहे. चार महिने पाऊस, चिखल आणि खारी हवा. दोन पावसाळे आट्यांकडे कुणी पाहिलं नाही, तर नट असा बसतो की हातोड्यानेही हलत नाही. मग महागडा कॉइलओव्हर त्याच एका उंचीवर अडकतो. आटे धुऊन, कोरडे करून, ग्रीस लावून झाकून ठेवायची तयारी नसेल, तर स्प्रिंग-शॉकअपचा साधा संच बरा.

एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या असतात. डिकीत टाकी आणि कॉम्प्रेसर. बटण दाबलं की गाडी बसते, गतिरोधक आला की उठते. गतिरोधकाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवणारा हा एकच मार्ग. पण पाइपच्या जोडांतून हवा गळते, कॉम्प्रेसर जळतो, ओलाव्याने व्हॉल्व्ह अडकतात आणि सकाळी ऑफिसला निघताना गाडी एका बाजूला बसलेली दिसते. ज्याच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, त्याचा हा खेळ.

गाडी खाली आली की वळणावर चिकटते?

थोडी आली तर हो. गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर वजन बाहेरच्या चाकांकडे कमी सरकतं. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये, याला मर्यादा आहे.

या मांडणीत चाकाला खालून धरणारा लोअर आर्म असतो. मूळ उंचीवर तो साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की बॉडीकडचं टोक खाली येतं आणि आर्म चाकाकडे चढता होतो. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू त्यामुळे झपाट्याने खाली जातो, गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त वेगाने. दोघांमधलं अंतर वाढतं आणि कलायला तरफ लांब मिळते. स्प्रिंग तेवढीच राहिली, तर खूप लो केलेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलू शकते. स्टीअरिंगच्या टाय रॉडचा कोनही बदलतो. मग खड्ड्यात चाक वर गेलं की स्टीअरिंग न हलवता चाक स्वतःच थोडं वळतं आणि गाडी हायवेवर भरकटल्यासारखी वाटते.

अलाइनमेंट तर बिघडतेच. चाकाचा वरचा भाग आत झुकतो, याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. टायर आतून झिजतो तेव्हा बहुतेक जण कॅम्बरला दोष देतात. खरं नुकसान जास्त करून टो बिघडल्याने होतं, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळल्याने. टो बहुतेक गाड्यांत दुरुस्त करता येतो, आणि गाडी खाली घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो केला नाही, तर नवे टायर काही हजार किलोमीटरमध्ये कडेने टक्कल पडलेले दिसतात. कॅमेरा किंवा रडारवर चालणारी सुरक्षा यंत्रणा असलेल्या नव्या गाड्यांत उंची बदलली की तिचंही कॅलिब्रेशन लागू शकतं. साध्या गॅरेजमध्ये ते होत नाही.

कायदा काय म्हणतो?

इथे सरळ बोललेलं बरं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे लागू होतं असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. बाहेरून सुटे भाग बसवणंही त्यात येतं.

'आरसीवर ग्राउंड क्लिअरन्स लिहिलेलाच नसतो, मग बदल कसला?' हा युक्तिवाद मॉडिफिकेशनवाल्यांच्या ग्रुपमध्ये नेहमी होतो. आरसीवर तो नसतो, हे खरं. पण गाडीला रस्त्यावर यायची मंजुरी मिळते ती पुण्याच्या अराईसारख्या संस्थेत, तिच्या मूळ भागांसह तपासणी होऊन. रस्त्यावर अडवलेल्या माणसाला हा युक्तिवाद अधिकाऱ्याच्या समोर करायचा असतो, ग्रुपमध्ये नाही. विम्याचंही तसंच. बदल कंपनीला कळवलेला नसेल आणि अपघातानंतर सर्व्हेअरला कापलेली स्प्रिंग दिसली, तर दावा अडतो. सस्पेन्शनची वॉरंटी संपते ती वेगळीच.

जर्मनीत याच स्प्रिंग तपासणीच्या कागदांसह विकल्या जातात. बसवल्यावर ट्यूव्हसारख्या संस्थेचा तपासनीस गाडी पाहतो आणि बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदवला जातो. आपल्याकडे सामान्य मालकाला असा सोपा रस्ता उपलब्ध नाही, ही तक्रार रास्त आहे. कायदा आणि लो गाड्यांचं भांडण तसं जुनंच. कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकाच्या अखेरीस नियम आला, की गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. १९५९ मध्ये रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटमध्ये हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली. लोरायडर गाड्यांचं ते नाचणं इथून सुरू झालं. तो नियम १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाला.

मग काय निवडावं?

गाडी वळणावर नीट धरावी, हायवेवर डुलू नये, एवढंच हवं असेल, तर ती खाली घ्यायची गरजच नाही. मूळ उंचीचे चांगले शॉकअप, नवे बुश आणि बरे टायर एवढ्याने जो फरक पडतो, तो पाहून बऱ्याच जणांचा लो करण्याचा विचार मागे पडतो. पाच-सात वर्षं जुन्या गाडीला तर हे आधी करावंच. उतरलेल्या शॉकअपवर काहीही बसवलं तरी तो खर्च वायाच.

दिसण्यासाठीच हवं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मग १५ ते २० मिलिमीटरवर थांबलेलं बरं. एवढ्यानेही डोळ्याला खटकणारी फट बरीच भरते. लोअर आर्मचे कोन फार बिघडत नाहीत आणि चाकाला वर जायची बरीच जागा राहते. ४० मिलिमीटरच्या पुढचं काम ट्रॅकवरच्या किंवा फक्त मीटला नेल्या जाणाऱ्या गाडीचं. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर सोसायटीचे गतिरोधक नसतात.

काम करताना मेकॅनिककडे दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं. एक, स्प्रिंग काढायला स्प्रिंग कॉम्प्रेसर नीट आहे ना. दबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो, त्यामुळे दोरी-साखळीचा जुगाड चालू असेल तर काम तिथेच थांबवावं. दुसरी गोष्ट फार कमी ठिकाणी पाळली जाते. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना पूर्ण आवळू नयेत. चाकं जमिनीवर टेकून गाडी तिच्या नव्या उंचीला आल्यावरच आवळावेत. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

कामाआधी आणि नंतर फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मध्यबिंदूपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवावं. जमिनीपासून मोजलं तर टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये नव्या स्प्रिंग थोड्या आणखी बसतात, म्हणून अलाइनमेंट तेव्हा पुन्हा एकदा तपासावी. पुढची आणि मागची बाजू सारखी खाली आली नसेल, तर हेडलाइटचा झोतही.

काढलेल्या मूळ स्प्रिंग, शॉकअप आणि माउंटिंग गॅरेजवाल्याला भंगारात देऊ नयेत. 'पुढची डावी', 'पुढची उजवी' अशा चिठ्ठ्या लावून माळ्यावर ठेवाव्यात. गाडी विकायची वेळ येते, घरात बाळ येतं, बदली खड्ड्यांच्या गावी होते, किंवा दोन पावसाळ्यांनंतर मालकाचीच कंबर तक्रार करते. तेव्हा पहिला फोन माळ्यावर काय पडलंय हे विचारायला घरीच जातो.